ऊसतोड कामगारांच्या संघटनाचा प्रश्न : अमेरिकन शेतमजूर चळवळीच्या इतिहासाच्या प्रकाशात

सारांश

अमेरिकेतील कामगार चळवळीच्या इतिहासात कारखान्यातील कामगार लवकर संघटित झाला. शेतमजूर मात्र दीर्घकाळ कायद्याच्या आणि संघटनेच्या बाहेर राहिला. महाराष्ट्राच्या साखर उद्योगातही असेच चित्र दिसते. कारखान्याच्या फाटकाच्या आतील कामगारास संघटना, करार आणि न्यायालय उपलब्ध झाले. फाटकाबाहेर ऊस तोडणारा कामगार मुकादमाच्या उचलीत अडकून राहिला. प्रस्तुत लेखात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तर भागातील साखरपट्टा केंद्रस्थानी ठेवून या दोन अनुभवांची तुलना केली आहे. 'मालक कोण?' या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर मिळाल्याखेरीज हंगामी व स्थलांतरित कामगारांचे संघटन टिकत नाही, असे या तुलनेतून दिसून येते.

बीजसंज्ञा : ऊसतोड कामगार, उचल, मुकादम, अमेरिकन शेतमजूर, वॅग्नर कायदा, माथाडी मंडळ.

१. प्रस्तावना

दसरा-दिवाळीच्या सुमारास शिर्डी, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या परिसरातील रस्त्यांवर ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दाखल होऊ लागतात. कारखान्याच्या आवारात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत त्यांच्या कोपी उभ्या राहतात. चार-पाच महिन्यांनी हंगाम संपला की कोपी मोडतात आणि टोळ्या परत जातात. राज्यातील अशा कामगारांची संख्या दहा लाखांच्या आसपास वा त्याहून अधिक असल्याचा अंदाज नेहमी सांगितला जातो. सुमारे २०० साखर कारखान्यांचे गाळप त्यांच्या श्रमावर उभे आहे. तरीही कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव सहसा आढळत नाही.

हा प्रश्न बहुधा दारिद्र्याचा, दुष्काळाचा किंवा कल्याणकारी योजनांचा प्रश्न म्हणून मांडला जातो. त्या मांडणीत तथ्य आहेच. परंतु तो मूलतः संघटनेचाही प्रश्न आहे. विखुरलेल्या, हंगामी आणि मध्यस्थामार्फत कामावर येणाऱ्या माणसांनी सामूहिक सौदा कसा करावा, हा पेच जगात अन्यत्रही निर्माण झाला. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया व फ्लोरिडा राज्यांतील शेतमजुरांनी त्याची काही उत्तरे शोधली. त्यांतील काही यशस्वी झाली, काही फसली. दोन्ही प्रकारची उत्तरे आपल्यासाठी उद्बोधक आहेत.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) भारतीय व अमेरिकन कामगार चळवळींतील समांतर घटना थोडक्यात मांडणे, (२) उत्तर नगर जिल्ह्यातील साखर उद्योगाच्या संदर्भात ऊसतोड कामगारांची श्रमव्यवस्था स्पष्ट करणे, (३) अमेरिकन शेतमजूर चळवळीने वापरलेल्या मार्गांची चिकित्सा करून त्यांची महाराष्ट्राच्या संदर्भातील उपयुक्तता तपासणे. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. दोन चळवळींचा आरंभ

महाराष्ट्राचे अमेरिकेकडे लक्ष फार पूर्वीपासून होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता. फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले आणि बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन झाली. आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

लोखंडे यांच्या सभा सप्टेंबर १८८४ मध्ये झाल्या. त्यानंतर लगेचच, ऑक्टोबर १८८४ मध्ये, अमेरिकेतील कामगार संघटनांच्या महासंघाने शिकागो येथे ठराव केला की १ मे १८८६ पासून आठ तासांचा दिवस हाच कायदेशीर दिवस मानला जावा. त्यातूनच १८८६ चा देशव्यापी संप, शिकागोतील हे-मार्केट चौकातील घटना आणि पुढे जागतिक कामगार दिन उदयास आला. त्याच वर्षाच्या अखेरीस सॅम्युअल गॉम्पर्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर स्थापन झाले. या दोन घटनांमध्ये प्रत्यक्ष संबंध नव्हता. परंतु यंत्रयुगातील कामगाराने प्रथम वेळेचा प्रश्न उचलला, हे दोन्ही ठिकाणी सारखेच होते.

पुढील काळात काही व्यक्तींमुळे प्रत्यक्ष संबंधही निर्माण झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत वास्तव्य केलेले लाला लजपतराय हे ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेत गदर चळवळीच्या उभारणीत सहभागी झाले आणि नंतर मेक्सिकोत त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आणि १९२८ चा मुंबईतील सहा महिन्यांचा सार्वत्रिक गिरणी संप यांनंतर भारतीय कामगार चळवळीचे केंद्र कापड गिरणीत स्थिरावले.

४. कायद्याने केलेली विभागणी

अमेरिकेत १९३५ साली राष्ट्रीय श्रमसंबंध कायदा मंजूर झाला. तो सिनेटर वॅग्नर यांच्या नावाने ओळखला जातो. या कायद्याने कामगारांना संघटनेचा व सामूहिक सौद्याचा हक्क दिला, गुप्त मतदानाने बहुमताची संघटना ठरविण्याची व्यवस्था केली आणि मालकांच्या 'अनुचित श्रमप्रथां'ची यादी निश्चित केली. मात्र याच कायद्याच्या व्याख्येतून शेतमजूर आणि घरकामगार वगळण्यात आले. १९३८ च्या किमान वेतन व कामाच्या तासांविषयीच्या कायद्यातही शेतमजुरास स्थान मिळाले नाही. किमान वेतनाची अंशतः तरतूद १९६६ मध्ये झाली. दक्षिणेकडील राज्यांतील जमीनमालकांचा राजकीय प्रभाव आणि तेथील शेतमजुरांत कृष्णवर्णीयांचे मोठे प्रमाण ही या वगळणुकीची कारणे अभ्यासकांनी सांगितली आहेत.

महाराष्ट्रात १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम कापडाप्रमाणेच साखर उद्योगासही लागू झाला. त्यात 'प्रातिनिधिक संघटना' ही संकल्पना होती; मात्र ती संघटना मतदानाने न ठरता सदस्यसंख्येच्या पडताळणीने ठरत असे. १९७१ च्या महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित श्रमप्रथा प्रतिबंध अधिनियमात अमेरिकन कायद्यातील अनुचित प्रथांची कल्पना आपल्याकडे विस्ताराने आली. या कायद्यांच्या आधारे साखर कारखान्यांतील कामगारांनी त्रिपक्षीय समित्या, वेतन मंडळे आणि वेतनकरार मिळविले. साखर उद्योगासाठी पहिले केंद्रीय वेतन मंडळ १९५७ मध्ये नेमले गेले. या सर्व प्रक्रियेत ऊसतोड कामगार मात्र ठेकेदाराचा माणूस ठरला. अमेरिकेत शेतमजुरास कायद्याने स्पष्टपणे वगळले होते. आपल्याकडे त्याला वगळण्याची गरजच पडली नाही, कारण मधल्या साखळीमुळे तो कारखान्याचा नोकर म्हणून दिसतच नव्हता.

५. एकाच जिल्ह्यातील दोन प्रदेश

अहमदनगर जिल्ह्याची भौगोलिक रचना समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न नीट समजत नाही. जिल्ह्याच्या उत्तर भागात दारणा व भंडारदरा धरणांमुळे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे पाणी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पोहोचले. त्या पाण्यावर हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स, साकरवाडीची गोदावरी शुगर मिल्स असे खासगी कारखाने उभे राहिले. या कारखान्यांनी खंडाने घेतलेल्या जमिनींवर स्वतःची शेती केली आणि त्या शेतीवर कायम व हंगामी मजूर ठेवले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर या जमिनी शासनाकडे आल्या आणि त्यांच्या व्यवस्थापनासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले.

दरम्यान लोणी परिसरातील शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरा सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा होय. त्यानंतर गणेश, संजीवनी, कोपरगाव, अशोक, संगमनेर, राहुरी, मुळा, ज्ञानेश्वर असे सहकारी कारखाने उभे राहिले. सहकारामुळे ऊस उत्पादक शेतकरी कारखान्याचा सभासद-मालक झाला. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये यांचे जाळे विणले गेले. हे परिवर्तन ऐतिहासिक स्वरूपाचे आहे, यात शंका नाही.

याच जिल्ह्याचा आग्नेय भाग मात्र पर्जन्यछायेत आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून आणि त्यांना लागून असलेल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगार बाहेर पडतात. १९७२ च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर अधिक वाढले. पाथर्डीहून शिर्डी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे श्रमाची मागणी करणारा आणि श्रम पुरविणारा प्रदेश एकाच जिल्ह्यात आहे. जिल्हाधिकारी एकच, जिल्हा परिषद एकच. तरीही १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा या कामगारांना लागू पडला नाही, कारण त्यांनी राज्याची सीमा ओलांडलेली नव्हती.

६. उचल, मुकादम आणि कोयता

ऊसतोडीची श्रमव्यवस्था एका साखळीने चालते. कारखाना किंवा त्याच्याशी संलग्न तोडणी-वाहतूक संस्था वाहतूकदाराशी करार करते. वाहतूकदार मुकादमाला रक्कम देतो. मुकादम गावात जाऊन कामगारांना उचल देतो. श्रमाचे एकक व्यक्ती नसून 'कोयता' असतो. एक कोयता म्हणजे सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची जोडी. स्वतःची बैलगाडी असणारे, कारखान्याकडून टायरगाडी घेणारे आणि केवळ डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणारे, असे कामगारांचे प्रकार पडतात. मजुरी टनावर ठरते. ऊस तोडणे, पाला काढणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे आणि वाहन भरणे ही सर्व कामे या टनाच्या दरात येतात. वाढे विकून मिळणारा पैसा हा रोजच्या खर्चाचा आधार असतो. कामावर गैरहजर राहिल्यास 'खाडा' धरून रक्कम कापली जाते.

उचलीचे अर्थशास्त्र एका उदाहरणावरून स्पष्ट करता येईल. समजा, एका कोयत्याने १ लाख रुपये उचल घेतली आहे, तोडणीचा दर टनाला ३६५ रुपये आहे आणि ती जोडी दिवसाला २ टन ऊस तोडते. उचल फिटण्यासाठी तिला सुमारे २७४ टन ऊस तोडावा लागेल. म्हणजे एकही दिवस न चुकता १३७ दिवस काम करावे लागेल. पाऊस, आजारपण, वाहनाची वाट पाहण्यात गेलेले दिवस हे सारे वजा जाता एवढे दिवस मिळणे कठीण असते. अलीकडे काही वर्षी गाळप हंगामच शंभर दिवसांच्या आसपास संपला आहे. राहिलेली बाकी पुढील वर्षाच्या उचलीत मिसळते आणि कामगार त्याच मुकादमाकडे बांधला जातो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात वर्णिलेल्या, कर्जाच्या बदल्यात श्रम देण्याच्या स्थितीशी या व्यवस्थेचे साम्य सहज लक्षात येते.

या व्यवस्थेत मुकादमाची भूमिका दुहेरी आहे. तो कामगारांच्याच गावचा, बहुधा नात्यातला असतो. अडीअडचणीला पैसे देणारा तोच आणि पळून गेलेल्या कामगाराकडून वसुली करणाराही तोच. उचल बुडाल्यास त्याला स्वतःची जमीन गमवावी लागल्याचीही उदाहरणे आहेत. त्यामुळे कामगाराचा राग मुकादमावर, मुकादमाचा राग कामगारावर आणि कारखाना दोघांपासूनही दूर, अशी स्थिती निर्माण होते.

७. संपाची ताकद आणि तिच्या मर्यादा

असे असूनही ऊसतोड कामगारांकडे एक मोठी शक्ती आहे. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्याचा साखर उतारा घटतो, आणि हंगामाच्या आरंभी तोडणी थांबली तर कारखान्याचे बॉयलर पेटूनही गाळप सुरू होत नाही. या वेळेच्या बंधनाचा उपयोग करून गेल्या काही दशकांत हंगामापूर्वी 'कोयता बंद'ची हाक देण्याची पद्धत रूढ झाली. पाथर्डीचे बबनराव ढाकणे (१९३७-२०२३) आणि बीडचे गोपीनाथ मुंडे (१९४९-२०१४) यांनी या कामगारांचे नेतृत्व केले. पाथर्डी आणि बीडच्या सीमेवरील भगवानगडावरील दसऱ्याचा मेळावा हे कामावर निघण्यापूर्वी एकत्र येण्याचे ठिकाण ठरले. डाव्या विचारांच्या संघटनांनीही ऊसतोडणी व वाहतूक कामगारांना संघटित करण्याचे काम केले.

या दबावातून साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात ठरावीक वर्षांसाठी दराचे करार होऊ लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये १४ टक्के, तर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ मान्य झाली. ही उपलब्धी लक्षणीय आहे. परंतु या करारांच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, करार दराचा होतो. त्यात कामाचे तास, अपघात, निवारा, पिण्याचे पाणी, हिशेबाची पावती यांविषयी अंमलबजावणीयोग्य कलमे क्वचितच असतात. दुसरी, कामगारांच्या वतीने बोलणारे नेतृत्व आणि कारखान्यांचे नेतृत्व हे एकाच राजकीय वर्तुळातील असते. प्रसंगी कामगारांचे पुढारी स्वतःच कारखानदार होतात. त्यामुळे वाटाघाट ही दोन पक्षांतील सौदा न राहता ज्येष्ठांच्या लवादाचे स्वरूप धारण करते. प्रत्यक्ष तोडणाऱ्या स्त्री-पुरुषांना मत देण्याची संधी त्यात नसते.

येथे सहकाराचा एक अंतर्विरोधही नोंदविला पाहिजे. ऊस उत्पादकाला मिळणाऱ्या रास्त व किफायतशीर दरातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. म्हणजे कोयत्याचा दर वाढला की तो भार सभासद शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या रकमेवर येतो. शेतकरी त्याखेरीज टोळीला व वाहनचालकाला 'खुशाली' देतो, ती वेगळीच. एक अडचणीतला शेतकरी आणि एक भूमिहीन वा कोरडवाहू शेतकरी असे हे दोन ग्रामीण घटक समोरासमोर उभे राहतात. अमेरिकेतील बड्या द्राक्षमळेवाल्यांविरुद्धच्या लढ्यापेक्षा आपला प्रश्न या बाबतीत अधिक गुंतागुंतीचा आहे.

८. डेलानोचा अनुभव

कॅलिफोर्नियातील शेतीतही मजूर ठेकेदारामार्फत येत. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून कराराने मजूर आणण्याची 'ब्रासेरो' योजना चालू होती. त्यामुळे स्थानिक मजुरांचा संप सहज मोडता येई. ही योजना बंद झाल्यावर ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानो येथे लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो द्राक्षमजुरांनी संप पुकारला. आठवडाभरातच, १६ सप्टेंबरला, सीझर चावेझ व डोलोरेस ह्युएर्टा यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात सामील झाली. मळेवाले एका वंशाच्या मजुरांचा संप दुसऱ्या वंशाच्या मजुरांकरवी मोडत असत. ही फूट सांधली जाणे हे या लढ्याचे पहिले यश होय. १९६६ मध्ये दोन्ही संघटनांचे विलीनीकरण झाले.

चावेझ हे स्वतः स्थलांतरित मजूर कुटुंबातील होते आणि त्यांच्यावर महात्मा गांधींच्या विचारांचा प्रभाव होता. १९६६ मध्ये त्यांनी डेलानो ते सॅक्रामेंटो अशी सुमारे ५०० किलोमीटरची पदयात्रा काढली. मजुरांनी हाती ग्वादलूपेच्या मातेचे निशाण घेतले होते आणि यात्रा ईस्टरच्या दिवशी राजधानीत पोहोचली. शिर्डीकडे येणाऱ्या पालख्या आणि पंढरीची वारी परिचित असणाऱ्या आपल्या वाचकांस या कृतीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. श्रद्धेची रूपे माणसांना एकत्र आणतात आणि त्या एकत्र येण्यातून हक्काची मागणीही उभी राहू शकते. १९६८ मध्ये चावेझ यांनी आपल्याच चळवळीत हिंसा शिरू नये म्हणून २५ दिवसांचे उपोषण केले.

केवळ संपाने मळेवाले नमले नाहीत. बदली मजूर मिळतच होते. म्हणून संघटनेने शहरांतील ग्राहकांना द्राक्षांवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. हा बहिष्कार देशभर पसरला आणि जुलै १९७० मध्ये डेलानोच्या मळेवाल्यांनी करार केले. या करारांनुसार ठेकेदाराऐवजी संघटनेच्या नोंदणी केंद्रातून मजूर पाठविले जाऊ लागले.

परंतु १९७३ मध्ये हे करार संपताच बहुसंख्य मळेवाल्यांनी टीमस्टर्स या दुसऱ्या संघटनेशी मजुरांना न विचारता करार केले. जिंकलेले जवळजवळ सर्व गमावले गेले. पुढे चावेझ यांच्या हाती सत्ता केंद्रित झाली, मतभेद असणारे कार्यकर्ते दूर केले गेले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून संघटनेची शेतातील ताकद ओसरत गेली. व्यक्तीच्या तेजावर उभी राहिलेली संघटना त्या व्यक्तीच्या मर्यादांनीही बांधली जाते, हा या इतिहासाचा दुसरा भाग विसरता येत नाही.

९. 'मालक कोण?' : कॅलिफोर्नियाचा १९७५ चा कायदा

या पराभवातूनच १९७५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने स्वतंत्र शेती श्रमसंबंध कायदा केला. त्यातील दोन तरतुदी आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली तरतूद मालकाच्या व्याख्येची. या कायद्यानुसार मजूर पुरविणारा ठेकेदार हा मालक मानला जात नाही. ज्याने ठेकेदारास नेमले तो मळेवालाच या कायद्याच्या सर्व प्रयोजनांसाठी मालक समजला जातो. एका वाक्याने मधली साखळी कायद्यापुरती नाहीशी झाली.

दुसरी तरतूद वेळेची. हंगामी मजूर वर्षभर एका ठिकाणी नसतो. म्हणून मजुरांची संख्या सर्वोच्च संख्येच्या निम्म्याहून कमी नसेल अशाच काळात संघटना निवडीचा अर्ज करता येतो आणि अर्जानंतर सात दिवसांत गुप्त मतदान घेतले जाते. कायद्याने हंगामाची गती ओळखली.

महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांबाबत या दोन्ही गोष्टींचा अभाव आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांतील औद्योगिक संबंध संहितेनुसार वाटाघाटीच्या संघटनेसाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा हा निकष आहे. ज्या कामगाराचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याला या निकषाचा उपयोग कसा व्हावा, हा प्रश्न उरतोच.

१०. माथाडी मंडळ आणि मजूर नोंदणी केंद्र

मध्यस्थ दूर करण्याचा दुसरा मार्ग अमेरिकेत गोदी कामगारांनी दाखविला. १९३४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को व पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखाली संप झाला. रोज सकाळी गोदीवर उभे राहून मुकादमाच्या मर्जीवर काम मिळविण्याच्या पद्धतीस तो विरोध होता. लवादाच्या निर्णयाने संयुक्त नियंत्रणाखालील नोंदणी केंद्र मान्य झाले आणि कामगारांना काम वाटून देणारा माणूस संघटनेकडून नेमला जाऊ लागला.

हीच कल्पना महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमात स्वतंत्रपणे साकार झाली. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाडी कामगारांना संघटित केले, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांना संघटित केले. कामगार एका मालकाचा नसतो, तो बाजाराचा असतो. म्हणून कामगार व व्यापारी दोघांची नोंदणी मंडळाकडे करावी, मजुरी मंडळात जमा व्हावी आणि तिच्यावर लेव्ही आकारून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, वैद्यकीय मदत द्यावी, अशी ही रचना आहे. ऊसतोडीसाठी असेच मंडळ असावे, ही मागणी म्हणूनच तर्कसंगत ठरते. मजुरी मंडळामार्फत वाटली गेली तर उचलीचा हिशेब लेखी राहील आणि पती-पत्नीच्या नावे स्वतंत्र वेतन जमा करता येईल.

११. टनामागे दहा रुपये आणि पौंडामागे एक सेंट

२०१९ मध्ये राज्य शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले. कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये घेऊन निधी उभारण्याचे धोरण पुढे ठरले. कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावे वसतिगृह योजनाही सुरू झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे.

याच स्वरूपाचा, परंतु वेगळ्या पायावर उभा असलेला प्रयोग फ्लोरिडातील इमोकाली येथील टोमॅटो मजुरांनी केला. त्यांनी मळेवाल्यांऐवजी टोमॅटो विकत घेणाऱ्या बड्या खाद्य कंपन्यांना लक्ष्य केले. २००१ मध्ये टाको बेल या कंपनीवर बहिष्कार सुरू झाला आणि २००५ मध्ये तिने करार केला. कंपनीने प्रत्येक पौंड टोमॅटोमागे एक सेंट अधिक द्यावा आणि तो मजुरांपर्यंत पोहोचावा, अशी ही मागणी होती. २०११ पासून तिला 'फेअर फूड' कार्यक्रमाचे व्यापक रूप आले. नियम मोडणाऱ्या मळ्याकडून खरेदी थांबविणे कंपन्यांवर बंधनकारक असते, स्वतंत्र संस्था तपासणी करते आणि मजूर थेट तक्रार करू शकतो. लैंगिक छळाविरुद्धच्या कठोर तरतुदी हे त्याचे वैशिष्ट्य मानले जाते.

दोन्ही ठिकाणी उत्पादनाच्या एककावर छोटी रक्कम आकारली आहे. फरक नियंत्रणाचा आहे. महामंडळाचा निधी शासनाकडे जमतो आणि योजनेच्या रूपाने खाली येतो. इमोकालीत निधीबरोबर तक्रारीचा आणि तपासणीचा अधिकारही मजुरांकडे आला.

हा अधिकार किती आवश्यक आहे, हे स्त्री कामगारांच्या स्थितीवरून कळते. पहाटे कोपीतले काम उरकून फडावर जाणे, दिवसभर तोडणी आणि मोळ्या वाहणे, रात्री-अपरात्री वाहन भरणे, शौचालय व पाण्याचा अभाव आणि खाड्याची भीती यांमुळे दुखणी अंगावर काढली जातात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात झालेल्या शासकीय पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. हे निव्वळ आरोग्याचे आकडे नाहीत. ज्या व्यवस्थेत विश्रांतीचा दिवस दंडास पात्र ठरतो, त्या व्यवस्थेचे ते फलित आहे. लोखंडे यांनी १८८४ मध्ये मागितलेली आठवड्याची सुटी ऊसाच्या फडात अद्याप पोहोचलेली नाही. २०२४ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांनी हा विषय महाराष्ट्रातून साखर घेणाऱ्या बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांच्या जबाबदारीशी जोडून मांडला. खरेदीदाराकडे उत्तर मागण्याचा इमोकालीचा मार्ग या निमित्ताने आपल्या दारापर्यंत आला आहे.

१२. निष्कर्ष

१. कारखान्याच्या आतील कामगार आणि बाहेरील ऊसतोड कामगार यांच्या स्थितीतील तफावत ही कौशल्याच्या फरकाइतकीच कायद्याने निर्माण केलेल्या विभागणीचा परिणाम आहे. वॅग्नर कायद्याने अमेरिकेत असाच परिणाम घडविला होता.

२. हंगामाच्या वेळेमुळे ऊसतोड कामगारांची सौदाशक्ती मोठी आहे. परंतु ती दरवाढीपुरती वापरली गेली. कामाच्या अटी, हिशेब आणि सुरक्षितता यांबाबत ती वापरली जाणे बाकी आहे.

३. मुकादमाला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. तोडणी कोणासाठी होते, त्यालाच कायद्याने मालक मानले तर मुकादमाची भूमिका आपोआप मर्यादित होईल.

४. नेतृत्वकेंद्री संघटना झटपट यश मिळविते, पण टिकाऊ हक्क निर्माण करीत नाही. गुप्त मतदान, लेखी सभासदत्व आणि टोळीपातळीवरील प्रतिनिधी ही टिकाऊपणाची साधने आहेत.

५. दरवाढीचा संपूर्ण भार सभासद शेतकऱ्यावर पडणार असेल तर शेतकरी व कामगार यांच्यातील तणाव वाढेल. म्हणून साखर, इथेनॉल व उपपदार्थांच्या उत्पन्नातून आणि मोठ्या खरेदीदारांकडून या खर्चाचा वाटा उचलला जाणे आवश्यक आहे.

१३. सूचना

यंत्राने ऊसतोडणी वाढत आहे. ब्रासेरो योजना संपल्यावर कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडणारे यंत्र अल्पावधीत सर्वत्र पसरले आणि हजारो मजुरांचे काम गेले. आपल्याकडेही हे होऊ शकते. त्यामुळे नोंदणी, हिशेब आणि पर्यायी रोजगार यांची व्यवस्था यंत्र येण्यापूर्वी व्हावयास हवी. ज्यांची नोंदच नाही, त्यांना पुनर्वसनाचा दावाही करता येत नाही.

या कामात साखरपट्ट्यातील महाविद्यालयांची विशेष जबाबदारी आहे. यांतील अनेक संस्था उसाच्या उत्पन्नातूनच उभ्या राहिल्या आहेत. समाजशास्त्र, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने हंगामाच्या आरंभी कोपींची नोंद घेणे, कामगारांना उचल व टनेजचा हिशेब लिहून देणे, ई-श्रम नोंदणीस मदत करणे आणि मुलांच्या शाळाप्रवेशाचा पाठपुरावा करणे शक्य आहे. कायदा विषयाच्या विद्यार्थ्यांना मालकाच्या व्याख्येवर अभ्यासप्रकल्प देता येतील. ऊसतोड कुटुंबांतील जी मुले आज आपल्या वर्गात पोहोचली आहेत, त्यांना हंगामाच्या काळात उपस्थितीची सवलत व वसतिगृहाची जागा देणे हा तर प्रत्येक प्राचार्यांच्या अधिकारातील निर्णय आहे. कामगार चळवळीचा इतिहास आपण अभ्यासक्रमात शिकवितो. त्याचा पुढील अध्याय महाविद्यालयाच्या कुंपणाला लागून असलेल्या उसाच्या फडात घडत आहे, याची जाणीव ठेवून संशोधनाची दिशा ठरविणे उचित होईल.